कानबाईच्या कानातले मोती

आमच्या ह्यांना फसवायला कुणाला फारसे कष्ट पडत नाहीत. ह्यांचं नाव भटू पाटील. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं रंगखात्यात आहेत. गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, लोक ह्यांना भोळे म्हणतात. मी त्यांची बायको, भागीरथी. मी तसलं काही म्हणत नाही. मी सरळ येडं म्हणते.

एकदा चौकबाजारातून भिंतीवरचं घड्याळ आणलं. घरी येऊन सेल घालायला उघडलं तर आत मशीनच नाही, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर चिकटवून टाकलेले. एकदा हापूसची पेटी आणली, तिच्यात वरचा एक थर सोडला तर खाली सगळं गवत. गवत शेजारच्या बकरीला घातलं, पण घड्याळ मी मुद्दाम भिंतीवर टांगून ठेवलंय. भांडण झालं की मी विचारते, "किती वाजले?" ते वर बघतात आणि हसतात. मग भांडण तिथंच संपतं. म्हणजे तसं पाहिलं तर घड्याळ चालतंच म्हणायचं.

तर असा हा माणूस आषाढातल्या एका सुट्टीच्या दिवशी बाहेर गेला आणि दुपारी परत आला तो शर्टाच्या खिशावर हात दाबून. मी साडी पसरून खडे चिकटवत बसले होते. तोच माझा धंदा. बाजारातून साड्यांचे गठ्ठे येतात, आम्ही बायका घरी बसून त्यांच्यावर चकचकीत खडे लावतो आणि गठ्ठे परत नेऊन देतो. डिंकाच्या नळीचा एक थेंब, चिमट्याने एक खडा. वीस वर्षांत किती लाख खडे लावले असतील देव जाणे, आणि त्यातला एकही खरा नव्हता.

ह्यांनी खिशातून लाल डबी काढली आणि साडीवर माझ्यासमोर ठेवली. आत कानातले टॉप्स होते. सोन्याची नाजूक पाकळी आणि तिच्यावर वाटाण्याएवढा एकेक मोती.

"खरा मोती शेतस," हे म्हणाले. घरात आम्ही अहिराणी आणि मराठी मिसळूनच बोलतो. "यंदा कानबाई आपला घर येवाव शे ना. पहिले तिना कानमा घालसूत. मंग तू घाल."

मी चिमटा खाली ठेवला आणि डबी उजेडाला धरली.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवायची. आमच्याकडे तिची मूर्ती नसते. नारळाला नाक-डोळे लावायचे, साडी नेसवायची, आणि घरातल्या सुनांनी अंगावरचे दागिने उतरवून तिला घालायचे. सासूबाईंचा दंडक होता की एकच घाला, पण खरं घाला, देवीला खोटं चालत नाही. मी लग्न होऊन सुरतेला आले त्या पहिल्या श्रावणात ह्यांच्या मोठ्या भावाकडे, निंबाभाऊंकडे कानबाई होती. माझे सोन्याचे कानातले सासऱ्यांच्या आजारपणात गेले होते आणि कानात प्लास्टिकचे होते. सगळ्या जावा पुढे झाल्या. माझाही हात सवयीने कानाकडे गेला, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माय, तुनं ऱ्हाऊ दे." त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या, पण मला ते आजही आठवलं की कान गरम होतात. हे तेव्हा दाराशी उभे होते. नंतर त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, ह्यांनी बघितलंच नसेल.

यंदा निंबाभाऊ कायमचे गावी पारोळ्याला राहायला गेले आणि कानबाईचा नारळ आमच्या हवाली करून गेले. म्हणून हे मोती.

"बिल कोठे शे?" मी विचारलं.

ह्यांनी वहीतून फाडलेली एक चिठ्ठी दिली. तिच्यावर पेन्सिलने काहीतरी गुजराती खरडलेलं होतं. ना शिक्का, ना दुकानाचं नाव.

"आणि खरे कशावरून?"

"रंग देखीसन लिधात," हे म्हणाले. दुकानाच्या शेठने मोत्यांचा ट्रे पुढे ठेवला. ह्यांनी त्यातले मोती एकेक करून दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिले, शेठ ओरडत मागे आला, तरी अर्धा तास पाहिले, आणि रंगाला रंग जुळणारे दोन निवडले. तेच शेठने ह्यांच्यासमोर पाकळ्यांवर बसवायला दिले. हे सांगताना ह्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी चिठ्ठी घडी करून डबीत ठेवली.

पण मनात किडा शिरला तो शिरलाच. रंग पाहून कुणी मोती घेतं का? भेंडी आहे का ती?

दुसऱ्या दिवशी लीलाला दाखवले. लीला जालन्याकडची, समोरच्या खोलीत राहते, माझ्यासोबतच खडे लावते. तिने मोती हातात घेऊन खालीवर केले.

"अगं बाई, असल्या चिठ्ठीवर का कुणी सोनं घेतंय व्हय?" ती म्हणाली. "हितं सुरतेत तर काय, दगडाला हिरा म्हणून इकतेत. दातावर घासून बघ की. खरा असंल तर बारीक वाळूवानी लागतो."

मी घासून पाहिलं. वाळूसारखं लागलं खरं, पण मी तीस वर्षं मिसरी लावणारी बाई. माझ्या दातांना दहीसुद्धा वाळूसारखं लागतं.

मग मी माझी अक्कल चालवली. साडीवर खडा चुकून वाकडा बसला की आम्ही त्याच्या बुडाशी थिनरचा एक थेंब सोडतो. डिंक मऊ होतो, खडा सुटून येतो. माझा हिशेब सरळ होता. खरा खडा सोन्याच्या नख्यांत धरलेला असतो. चिकटवतात ते खोटं. माझं सगळं आयुष्य खोटं चिकटवण्यात गेलंय, मला नाही कळणार तर कुणाला?

हे मिलमध्ये गेल्यावर दुपारी दाराला कडी लावून मी एका टॉप्सच्या मोत्याखाली थिनरचा थेंब सोडला. मनात म्हणत होते, हलू नको रे बाबा, हलू नको. थोड्या वेळाने बोटाने जरा लोटला, तर मोती अलगद सुटून माझ्या तळहातावर आला. पाकळीवर नुसती एक बारीक काडी उभी होती आणि तिला पिवळट डिंक.

आधी राग आला, त्या शेठचा. मग ह्यांचा. संध्याकाळी दारातच गाठून काय काय बोलायचं ते सगळं मी मनात जुळवून ठेवलं. घड्याळ, आंबे आणि आता हे मोती! मग मला ते ट्रेमधून एकेक मोती उन्हात नेणारे हे दिसायला लागले. उतरत्या वयात, चष्मा कपाळावर चढवून, माझ्या कानांसाठी. सव्वीस वर्षांपूर्वी दाराशी उभे असताना ह्यांनी सगळं पाहिलं होतं आणि ते मनात धरून ठेवलं होतं. ह्या माणसाला आता मी काय सांगणार होते, की तू पुन्हा फसलास?

नाही सांगितलं. माझी डिंकाची नळी घेतली, काडीवर एक थेंब लावला, चिमट्याने मोती बसवला आणि श्वास रोखून धरून ठेवला. असं काम मी वीस वर्षांत केलं नव्हतं. कुणाच्या बापाला ओळखू आलं नसतं.

संध्याकाळी हे आले. मी टॉप्स घालूनच चहा दिला.

"देवीना आगोदरच घालात?" ते म्हणाले.

"बसतात का बघितलं," मी म्हणाले. "चांगला शेतस."

त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागितला.

त्यानंतर मी रोज घातले. सकाळी नळावर, दुपारी ओट्यावर, भाजी घेताना. कुणी विचारायच्या आत मीच सांगायची, "खरे मोती आहेत. आमच्या ह्यांनी आणले, स्वतः निवडून." आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. लीलाने एकदा डोळे बारीक करून विचारलं, "दातावर घासलं का गं?" मी म्हणाले, "घासलं. वाळूच लागली." खोटं बोलायची मला सवय नाही, पण ह्या बाबतीत जीभ जराही अडखळली नाही. हे खिडकीशी दाढी करत असायचे. माझं बोलणं ऐकून वस्तरा थांबायचा ते मी पाहायची. म्हटलं, ऐका. मनसोक्त ऐका.

पण श्रावण लागला तशी माझी झोप उडाली. घर पांढरं केलं, पितळी भांडी धुतली, देवीच्या प्रसादाच्या रोटांचे गहू निवडले, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मूठ मोजून ठेवले, आणि सगळं करताना डोक्यात एकच होतं. गल्लीला फसवलं ते ठीक आहे, गल्ली काही देवी नाही. कानबाईच्या कानात खोटे मोती कसे घालू? पहिल्यांदाच ती माझ्या घरी येते आहे. न घालावेत तर हे विचारणार, का? आणि सांगावं तर सगळ्या भावबंदांसमोर ह्यांची मान खाली जाणार. सुट्टी घेऊन हजीऱ्याहून मुलगा-सून यायची होती, पारोळ्याहून निंबाभाऊसुद्धा येणार होते. ह्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा देवीले मोती शेतस."

रविवारी संध्याकाळी कानबाई बसवली. चौरंगावर तांब्या, वर नारळ, हिरवी साडी. घर माणसांनी भरलेलं. थोरल्या जाऊबाईंनी नथ घातली, सुनेने गळ्यातली पोत घातली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे दाराशी उभे होते, तेव्हासारखेच.

मी टॉप्स काढले. नारळाच्या दोन बाजूंना पदराला दोऱ्याने टाचायचे होते. साडीवर दिवसाला हजार खडे लावणारी माझी बोटं, पण सुईत दोरा जाईना. मी चौरंगाजवळ वाकले आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाले, "माय, हे खोटे आहेत. मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक असणार. पण ज्याने आणले तो खोटा नाही. पाप लागायचं ते मला लाव. त्याला कळू देऊ नकोस."

आणि टाचले. दिव्याच्या उजेडात मोती असे दिसले की जाऊबाईंनी कडाकडा बोटं मोडली. मला भीती वाटली, रडू आलं आणि बरंही वाटलं, सगळं एकदमच. बायकांना वाटलं, देवी घरी आली म्हणून हिला भरून आलं.

सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर गेलो. मी कानबाई डोक्यावर घेतली होती, बायका फुगड्या घालत होत्या. घाटावर आरती झाली. पाण्यात उतरण्याआधी देवीचे दागिने उतरवून ज्याचे त्याला देतात. नथ दिली, पोत दिली. टॉप्स ह्यांनी स्वतः दोरा तोडून काढले आणि मला म्हणाले, "जरा इकडे ये."

घाटाच्या कडेला पायरीवर आम्ही दोघं बसलो. ढोल जरा लांब होते. ह्यांनी दोन्ही टॉप्स तळहातावर ठेवले आणि एकावर बोट टेकवलं.

"हाऊ मोती काढेल व्हता ना तू?"

मी मागे वळून पाहिलं, भावबंदांत कुणी ऐकत तर नाही.

"तुम्हले कसं समजनं?"

"एकना डिंक पिवया शे, दुसराना धवया," हे म्हणाले. "अठ्ठावीस वरीस रंगच देखी राहिनू ना मी."

मी वाकून पाहिलं. मोत्याच्या बुडाशी डिंकाची केसाएवढी रेघ, ह्यांच्या मते एकीकडे पिवळी, दुसरीकडे पांढरी. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. ह्यांना मिलमध्ये कापडाचे दोन थान दाखवतात, सगळ्या दुनियेला सारखेच दिसणारे, आणि हे सांगतात की यात एक थेंब निळा जास्त पडलाय. हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं. फक्त त्याचा काही उपयोग असतो हे मला कधी वाटलं नव्हतं.

"कधी बघितलं?"

"तू चहा दिधा ना, तोच दिन."

म्हणजे पहिल्याच संध्याकाळी. मला वाटलं, आता घाटावरून खाली उडी मारावी. ह्यांना तेव्हापासून ठाऊक होतं की मला मोती खोटे वाटतात, आणि त्यानंतर मी गल्लीभर ढोल पिटत होते.

मग ह्यांनी सगळं सांगितलं. ह्यांच्याही मनात भीती शिरली, आपण परत फसलो. एका सुट्टीच्या दिवशी मी टॉप्स डबीत काढून ठेवून गठ्ठा द्यायला गेले असताना हे डबी घेऊन त्या शेठकडे गेले. शेठ हसत सुटला. म्हणाला, "काका, आ साचुं मोती छे. मोती चिपकावेलुं ज होय." सोन्याच्या नख्यांनी मोती धरला तर ओरखडे पडतात, म्हणून त्याला बारीक भोक पाडतात, काडी घालतात आणि डिंकाने बसवतात. राजाच्या घरी गेला तरी मोती असाच चिकटवलेला असतो. ह्यांनी त्यावरही विश्वास ठेवला नाही. एवढी अक्कल ह्या माणसाला कधी आली कुणास ठाऊक! पुढच्या गल्लीत दागिने तपासून देणाऱ्यांकडे गेले, तिथून लिहून घेतलं, परत येऊन शेठकडून पक्कं बिलही घेतलं. ह्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते दोन कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले. शिक्का, सही, सगळं होतं. मोती खरे होते.

आता मला राग आला. असा राग की आसपासच्या बायका वळून बघायला लागल्या.

"मंग माले का नही सांगं? काल देवीसमोर मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी पाप डोक्यावर घेतलं तुमच्यासाठी! दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसनं."

"मंग?"

"कानबाईले ठाऊक व्हतं ना," हे म्हणाले.

हे पाण्याकडे बघत राहिले. मग बोलले ते इतकं हळू की मला कान जवळ न्यावा लागला.

"सांगसू सांगसू करी राहिंतू. पन तू रोज गल्लीमा सांगे, खरा मोती शेतस, मना नवरानी लयनात. तुले ते खोटा वाटेत. तरी सांगे. माले कोनी असं कधी…" चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "माले वाटे, आखो एक दिन ऐकू. मंग सांगसू."

आणखी एक दिवस, आणि आणखी एक. असा सगळा महिना गेला होता. वस्तरा हातात घेऊन खिडकीशी थांबलेला माणूस मला आठवला. मी समजत होते, मी त्यांचं मन राखते आहे. राखतच होते म्हणा. फक्त त्यांना ते दिसत होतं.

मी मान पुढे केली. ह्यांनी टॉप्स माझ्या कानात घातले. बोटांना रंगाचा जुना वास होता, जो कितीही साबण लावला तरी जात नाही. मळसूत्र फिरवताना दोनदा हातातून निसटलं. भर घाटावर नवरा बायकोच्या कानात टॉप्स घालतोय, भावबंद बघतायत, मला जराही लाज वाटली नाही.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी लीला भेटली. रोट फक्त भावबंदांनी खायचे असतात म्हणून ती काल आली नव्हती. तिचे डोळे सरळ माझ्या कानांवर गेले.

"खरंच खरे हैत का गं?" तिने विचारलं. "आज तरी सांग."

महिनाभर खोटं समजून सांगत होते तेव्हा माझा आवाज कसा खणखणीत निघायचा. आता कागद माझ्या कमरेला होते, शिक्क्यासकट, आणि तोच आवाज निघेना.

मागून हे आले. गल्लीत ज्यांचा आवाज कुणी धड ऐकला नसेल असे आमचे हे. गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खरे आहेत. मनी बायको सांगस ना!"